योसेमिटीला जाताय? क्वार्टरच्या नाण्यांचा एक रोल आधी खिशात टाका

अमेरिकेत सगळीकडे कार्ड चालतं, चिल्लर लागतच नाही, असं निघण्याआधी भेटेल त्याने सांगितलं होतं. साफ चुकीचं आहे. सॅन फ्रान्सिस्को आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवासात आमचे सगळ्यात जास्त हाल चिल्लरीपायी झाले, आणि एका रात्री दहा डॉलरची नाणी बारा डॉलरला विकत घ्यायची वेळ आली. घरातली मोठी माणसं, त्यातही नव्याने इंग्रजी शिकणारी, सोबत घेऊन जे या वाटेने जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. धबधब्यांचं वर्णन हवं असेल तर ते बाकीच्यांनी भरपूर केलेलं आहे.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, ऑफिसातली चेंगडूची मैत्रीण आणि तिची आई. चिनी लोक मैत्रिणीच्या आईला आयी म्हणतात, म्हणून आम्हीही आयीच म्हणायचो. आयी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सनीव्हेलला लेकीकडे राहायला आल्यापासून वहीत इंग्रजी शब्द लिहून पाठ करतात. या प्रवासातले किरकोळ पैसे मीच देणार, तेही रोख, आणि दुकानदाराशी मीच बोलणार, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. चेंगडूत त्या भाजीसुद्धा फोनने कोड स्कॅन करून घेतात, त्यामुळे नाण्यांची सवय तिथेही सुटलेली.

वहीत चार शब्द होते. पेनी एक सेंट, निकेल पाच, डाइम दहा, क्वार्टर पंचवीस. पाठांतर चोख. पण हातात नाणी आली आणि त्या अडकल्या, कारण रोजच्या वापरातल्या अमेरिकन नाण्यांवर किंमत अंकात नसते. चीनच्या नाण्यावर ठसठशीत १ किंवा ५ असतो, भाषा न येणाऱ्यालाही कळतो. इथे डाइमवर बारीक अक्षरांत ‘वन डाइम’, क्वार्टरवर ‘क्वार्टर डॉलर’, निकेलवर ‘फाइव्ह सेंट्स’. त्यात आकार फसवतो. डाइम सगळ्यात लहान, १७.९१ मिलिमीटर, म्हणजे पेनीहूनही लहान, आणि किंमत जाडजूड निकेलच्या दुप्पट. १९६५ चा कायदा होईपर्यंत डाइम चांदीचा असे, म्हणून दहा सेंटांची चांदी जेवढी तेवढंच ते नाणं. निकेल १८६६ पासून तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं, त्याला चांदीच्या हिशोबाचं बंधन नव्हतं. आयींना हे कारण सांगितल्यावर त्यांचा गोंधळ कायमचा मिटला. नुसतं ‘लहान नाणं मोठं’ असं घोकून तो मिटत नव्हता.

दुसरी खूण बोटांची. डाइम आणि क्वार्टर यांच्या कडेला खाचा असतात, पेनी आणि निकेल गुळगुळीत. गाडीत मागच्या सीटवर बसून आयी डोळे मिटून नाणी ओळखत होत्या, सॅन फ्रान्सिस्को येईपर्यंत एकही चुकेना. शब्दांची वही घरी ठेवली तरी चालेल, मूठभर नाणी मात्र द्याच.

सॅन फ्रान्सिस्कोत मिशन रस्त्यावरची जुनी टांकसाळ बाहेरून पाहिली. १८७४ ची इमारत, १९०६ च्या भूकंपातही टिकून राहिलेली. मग चायनाटाउन. तिथला दुकानदार कँटनीज ही दक्षिण चीनची भाषा बोलणारा, आयी सिच्वान प्रांतातल्या, त्यामुळे व्यवहार इंग्रजीतच झाला. फ्रिजवर लावायच्या चुंबकावर ४.९९ लिहिलेलं. आयींनी पाच डॉलरची नोट पुढे केली, दुकानदाराने ५.४२ मागितले. आयींना वाटलं परदेशी बघून लुबाडतोय, आणि त्या चिडल्या. लुबाडणूक नव्हती. लेबलवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आणि आम्ही गेलो तेव्हा, २०२५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत तो ८.६२५ टक्के होता. चीनमध्ये आणि आपल्याकडे लेबलवर दिसतं तेवढंच द्यायचं असतं, म्हणून हे आधी सांगून ठेवा. किराण्यातल्या खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर कॅलिफोर्नियात हा कर नाही, गरम तयार खाण्यावर आहे. त्याच दुकानात परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत अभिनेत्री ॲना मे वाँगचा क्वार्टर मिळाला, २०२२ चा. अमेरिकन नाण्यावर आलेली ही पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. आयींनी तो वेगळा काढून चष्म्याच्या केसमध्ये ठेवला.

खरी अडचण ऐकण्यात आहे. चिनी बोलीत पैशाच्या प्रत्येक घराला नाव असतं: युआनला क्वाय, त्याच्या दहाव्या भागाला माओ, शंभराव्याला फन. २.७५ म्हणजे ‘दोन क्वाय, सात माओ, पाच’. इंग्रजी कॅशियर नुसतं ‘टू सेव्हन्टी-फाइव्ह’ म्हणतो, त्यात डॉलरही नाही आणि सेंटही नाही. आयींना ते दोनशे पंचाहत्तर वाटायचं, आणि पाण्याच्या बाटलीला दोनशे पंचाहत्तर ऐकून माणूस घाबरणारच. डाइम त्यांना लगेच जमला, कारण तो हुबेहूब माओ आहे. क्वार्टर जमेना. चीनमध्ये पंचवीसचं नाणंच नाही, हिशोब एक आणि पाचचा. आपल्याला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड लहानपणापासून तोंडात असतात, आणि पावली म्हणजे चार आणे, रुपयाचा क्वार्टरच. मी मनात मराठीत मोजतो: तीन क्वार्टर पाऊण, पाच सव्वा, सात पावणेदोन. आयींनी स्वतःची रीत काढली. चार-चार नाण्यांचे ढीग लावायचे आणि प्रत्येक ढिगाला ‘वन डॉलर’ म्हणायचं. चिनी माणसाला शिकवताना हीच रीत वापरा, पंचवीसचा पाढा म्हणायला लावू नका.

योसेमिटी सुंदर आहे. मिस्ट ट्रेलने व्हर्नल फॉलपर्यंत चढलो, मे महिन्यात पाणी भरपूर, पायऱ्या निसरड्या, बूट चांगले हवेत. आयी आमच्या पुढे होत्या.

आता त्या रात्रीबद्दल. तुषारांनी सगळे कपडे चिंब झालेले. उद्यानात हाउसकीपिंग कँपपाशी लाँड्री आहे, पण आमचं मोटेल बाहेरच्या एका छोट्या गावात होतं, म्हणून तिथलंच लाँड्रोमॅट, म्हणजे मशीनमध्ये पैसे टाकून कपडे धुवायचं दुकान, गाठलं. मशीन फक्त क्वार्टर घेणारं. मोठ्या मशीनला साडेसहा डॉलर, म्हणजे २६ नाणी, ड्रायरचे वेगळे. कोपऱ्यात नोटा मोडून देणारं यंत्र होतं, त्याने वीस डॉलरची नोट गिळली आणि एक नाणं दिलं नाही. भिंतीवरच्या नंबरवर फोन लावला, कुणी उचलला नाही. बंद व्हायला तासाभराच्या वर वेळ नव्हता. शेजारच्या दुकानदाराने काही घेतल्याशिवाय सुट्टे मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. चिप्स घेतले तर चार क्वार्टर हातावर ठेवले. मग म्हणाला, अख्खा रोल हवा असेल तर आहे, बारा डॉलर.

क्वार्टरच्या रोलमध्ये ४० नाणी असतात, दहा डॉलर. आयींना हे पाठ होतं. त्या म्हणाल्या, “टेन डॉलर. यू से ट्वेल्व्ह.” तो म्हणाला, रात्रीची सोय करतोय. दुसरा इलाज नव्हता, दिले. पण आयींनी रोल तिथेच काउंटरवर फाडला आणि ढीग लावायला घेतले. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, मैत्रीण ओशाळून “मा, चला” म्हणत होती. आयी हलल्या नाहीत. नऊ ढीग पूर्ण भरले, दहाव्यात दोनच नाणी. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “टू मोअर.” त्याने गल्ला उघडून दोन क्वार्टर पुढे सरकवले, तोंडातून शब्द काढला नाही. मला त्या बाईंचा त्या क्षणी जो अभिमान वाटला तो शब्दांत सांगता येत नाही. आधीची चार धरून उरलेल्या १८ नाण्यांत ड्रायर पुरला नाही, दुसऱ्या दिवशी ओलसर मोजे घालून फिरलो. दोन डॉलर मोठी रक्कम नाही, पण अडलेल्या माणसाकडून पैशालाच जास्त पैसे घेणं ही लूट आहे, आणि वर दोन नाणी कमी.

तेव्हा निघण्याआधी बँकेत जाऊन क्वार्टरचा निदान एक रोल घ्या. आपलं खातं असलेल्या शाखेत तो दर्शनी किमतीलाच मिळतो. ‘अ रोल ऑफ क्वार्टर्स, प्लीज’ एवढंच म्हणायचं, हे वाक्य मोठ्यांकडून बोलवून घ्या, बँकेत कुणी घाई करत नाही. रोलचं वजन साधारण २२७ ग्रॅम, हातात घेऊन अंदाज येतो. डाइमचा रोल ५० नाण्यांचा, पाच डॉलर. घेऊ नका, मशीनला त्याचा उपयोग क्वचितच. नोट मोडणाऱ्या यंत्रात कधीही वीसची नोट घालू नका, आधी एकची घालून बघा.

पंधरा आणि पन्नास ऐकण्यात गल्लत होते, फिफ्टीन आणि फिफ्टी चिनी कानालाच काय, मराठी कानालाही गर्दीत सारखे वाटतात. ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ असं विचारायला शिकवा. सवलतीच्या पाट्यांचंही आधीच समजावा. चिनीत ‘आठ झ’ म्हणजे किमतीच्या ८० टक्के द्यायचे. ‘२० टक्के ऑफ’ची पाटी बघून आयींना वीस टक्केच द्यायचे असं वाटलं, आणि त्या जॅकेट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. टायरमध्ये हवा भरायला पंपावर क्वार्टर मागणारं यंत्र दिसलं तर नाणी घालू नका. कॅलिफोर्नियात इंधन घेणाऱ्याला हवा फुकट द्यावी असा कायदा आहे, आत जाऊन मागा.

भारतातून किंवा चीनमधून आईवडील येणार असतील तर एक मोठा खर्च धरा. २०२६ पासून योसेमिटीसह ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा आहेत. अनिवासी लोकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, तिघं-चौघं असाल तर तोच स्वस्त.

पेनीवर वेळ घालवू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वापरातली शेवटची पेनी पडली, कारण एकेक पेनी पाडायला तीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. जुन्या पेनी चालतात, पण बरीच दुकानं आता रोखीचा हिशोब पाच सेंटांवर आणतात. उरलेली चिल्लर सुपरमार्केटातल्या नाणी मोजणाऱ्या यंत्रात ओतू नका, रोख हवी असेल तर ते दहा टक्क्यांहून जास्त कापून घेतं. सेल्फ-चेकआउटला नाण्यांची खाच असेल तर तिथे घाला, जेवढी घालाल तेवढी बिलातून वजा होतात. आयींनी सनीव्हेलला परतल्यावर दूध आणि अंडी तशीच घेतली, सगळी निकेल आणि डाइम संपवून.