तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञानकथेत हसायचं कशाला?

विज्ञानकथांवर मी कुठेही बोललो की शेवटी कुणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही वाचायला सांगता त्यातल्या निम्म्या कथा विनोदी असतात. अंतराळयानं, यंत्रमानव, परग्रहावरची माणसं, यात हसण्यासारखं काय आहे? आणि हसायचंच असेल तर विज्ञान कशाला हवं?" प्रश्न दोन असले तरी उत्तर एकच आहे, आणि ते सविस्तर द्यावंसं वाटतं. आपण ज्या समाजात राहतो तो कसा चालतो, हे मला या कथांनी जितकं दाखवलं तितकं फार थोड्या गंभीर पुस्तकांनी दाखवलं.

परग्रहावरच्या माणसाला दोन डोकी आहेत म्हणून येणारं हसू पान उलटेपर्यंतही टिकत नाही. टिकणारं हसू नियमांमधून येतं. आपण रोज पाळतो असा एखादा नियम घ्यायचा. माणुसकीखातर किंवा लाजेखातर आपण तो जिथे सैल सोडतो, तिथे सोडायचा नाही. तो जाईल तिथपर्यंत त्याच्या मागे चालत जायचं. रोजच्या जगात असं होत नाही, कारण वाटेत कुणीतरी "जाऊ द्या हो" म्हणतंच. विज्ञानकथा लिहिणाऱ्याच्या हाताशी मात्र अख्खा ग्रह असतो, हवा तितका काळ असतो आणि अडवणारं कुणी नसतं.

डग्लस ॲडम्स यांची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' ही श्रुतिकामालिका बीबीसीच्या रेडिओ ४ वर ८ मार्च १९७८ रोजी सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक आलं. आर्थर डेंट नावाचा एक साधा इंग्रज गृहस्थ सकाळी उठतो, तर दाराशी पिवळा बुलडोझर. घराच्या जागेवरून बाह्यवळण रस्ता जाणार आहे. नगरपालिकेचे प्रॉसरसाहेब म्हणतात, आराखडा पाहण्यासाठी ठेवलेला होता, हरकत तेव्हाच घ्यायची. आर्थरने तो पाहिलाही आहे, पण कसा? तळघरात, विजेरी घेऊन. तिथे दिवे नव्हते आणि जिनाही नव्हता. आराखडा होता एका कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, कपाट बंद पडलेल्या संडासात, आणि त्या संडासाच्या दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी.

थोड्याच पानांनंतर आकाशात व्होगॉन नावाच्या जमातीची यानं येतात आणि पृथ्वीवासीयांना कळवतात की अंतराळातल्या एका बाह्यवळण मार्गासाठी तुमचा ग्रह पाडायचा आहे. आराखडा पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीच्या स्थानिक कार्यालयात ठेवलेला होता, आता आरडाओरडा करून उपयोग नाही. अल्फा सेंटॉरी ही तारकाप्रणाली आपल्यापासून सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडी लांब आहे. १९७८ साली तिथे कुणी माणूस जाऊ शकत नव्हता, आजही जाऊ शकत नाही. व्होगॉनांच्या लेखी हा पृथ्वीवासीयांचा आळस.

मला ही जागा फार मोलाची वाटते. दोन्ही प्रसंगांत कारकुनी युक्तिवाद अक्षरशः एकच आहे, फक्त घराच्या जागी ग्रह आला. एवढ्यानेच तो युक्तिवाद पहिल्यापासून काय होता ते दिसतं. सकाळी "आराखडा ठेवला होता" असं सांगणारे प्रॉसरसाहेबही त्या ग्रहावरच उभे आहेत! शिवाय इथे खलनायक नाही. प्रॉसर हा घाबरट, पोट सुटलेला, नोकरी सांभाळणारा माणूस. व्होगॉनही दुष्ट नाहीत, असं ॲडम्स स्पष्ट सांगतात; ते चिडखोर, नियमबाज आणि निष्ठुर आहेत, इतकंच. त्याआधीचा एक प्रसंग तर मी कितीही वेळा वाचू शकतो. आर्थर बुलडोझरपुढे चिखलात आडवा पडलेला असतो. त्याचा मित्र फोर्ड प्रॉसरना पटवतो की हा दिवसभर इथे पडून राहणार हे तुम्ही मान्य केलंच आहे, मग तो प्रत्यक्ष इथे असला काय आणि नसला काय. त्याला जरा दारूच्या गुत्त्यावर नेऊन आणतो. पण कुणीतरी आडवं असायलाच हवं, तेव्हा तोवर तुम्ही पडा. प्रॉसर पडतात. कार्यालयात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला असा युक्तिवाद बिनतोड वाटतो, हे त्या लेखकाला नेमकं कळलं होतं.

हे हवेतून आलेलं नव्हतं. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये नव्या महामार्गांवरून मोठा असंतोष होता. सार्वजनिक सुनावण्या व्हायच्या, पण रस्ता मुळात हवा की नको यावर तिथे बोलायला वाव नसायचा. १९७६ साली विंचेस्टरची सुनावणी आंदोलकांनी उधळली, ती याच रागातून. आर्थर डेंटचं घर त्या वर्षांत अनेकांच्या ओळखीचं होतं.

आणि आपल्याकडे? हा उतारा मी तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मराठीत सांगितलेला आहे. तळघर आणि बिबट्या आला की धरणात, कालव्यात, रस्त्यात जमीन गेलेली माणसं सगळ्यांत आधी हसतात. हरकती व सूचना म्हणजे काय, मुदत म्हणजे काय, 'मुदतीत हरकत प्राप्त न झाल्याने' या शब्दांनी सुरू होणारं पत्र घरात काय करतं, हे त्यांना समजावावं लागत नाही. एका काकांनी मला सांगितलं होतं, "आमची नोटीस बी लावली होती. दाराच्या मागल्या बाजूला. अन् दार दिवसभर उघडं, भिंतीला टेकून." ते हसत सांगत होते आणि त्यांचा राग जराही कमी झालेला नव्हता. विनोदाने राग विरतो असं म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच मानत नाही. चांगल्या विनोदाने राग नेमका होतो. कुणावर रागवायचं ते कळतं.

दुसरं उदाहरण पोलंडचं. स्तानिस्वाव लेम हे १९२१ साली ल्वूफमध्ये जन्मलेले लेखक. त्यांचा इयोन तिखी नावाचा अंतराळप्रवासी ग्रहोग्रही फिरतो आणि त्याची रोजनिशी ठेवतो. तिचा संग्रह १९५७ साली निघाला. तेराव्या प्रवासात तो पिंता नावाच्या ग्रहावर पोचतो. तिथली माणसं आपल्यासारखीच फुप्फुसांनी श्वास घेणारी, पण सगळीकडे पाणी, घरांत, रस्त्यांवर, तुरुंगातही. माणसाने पाण्याखाली जगणं हेच उन्नत जगणं, असं सरकारी धोरण आहे. लोक बुडबुडे सोडून बोलतात, पाण्याखालच्या जीवनाची थोरवी गातात आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून चोरून डोकं वर काढून श्वास घेतात.

हे झालं कसं? तिखीला तुरुंगात ती गोष्ट कळते. ग्रह पूर्वी कोरडा होता. सिंचनासाठी एक खातं काढलं. त्याने काम चोख केलं, रान हिरवं झालं. काम संपलं, पण खातं संपलं नाही. ते पाणी सोडतच राहिलं. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. आता चूक झाली असं म्हणणार कोण? मग जाहीर झालं की हे असंच व्हायला हवं होतं, हेच आपलं ध्येय आहे.

१९५६ पर्यंत पोलंडमध्ये स्टालिनशाहीच्या वळणाची राजवट होती आणि सेन्सॉर तर त्यानंतरही होता. सरकारबद्दल असं सरळ लिहिता आलं नसतं. परग्रहाबद्दल लिहिता आलं. पण ही कथा केवळ सेन्सॉरला चकवण्यासाठी ग्रहाचा मुखवटा घालते असं मानलं तर तिचं मोठेपण निसटतं. त्या राजवटीचा पत्ता नसलेल्या वाचकालाही ती कळते, कारण लेमनी व्यक्तीवर बोट ठेवलं नाही, क्रमावर ठेवलं: खरी गरज, चांगलं काम, न थांबणारं खातं, आणि मग बुडणाऱ्यांना बुडण्याचं तत्त्वज्ञान. मी नोकरी केली ती अशाच कागदांच्या जगात. 'योजनेचा हेतू साध्य झाल्यामुळे हा विभाग बंद करण्यात येत आहे' असा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही.

हा क्रम उभा करायला तर्काची शिस्त लागते. 'विज्ञान कशाला हवं' याचं उत्तर इथे आहे. एक गृहीतक धरा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा आणि परिणाम प्रामाणिकपणे काढा. प्रयोगशाळेत करतो तेच हे. विनोदी विज्ञानकथेत ही शिस्त जास्त कडक असावी लागते, कारण गंभीर कथेतली एखादी फट वाचक भारावून जाऊन सोडून देतो, विनोदी कथेत ती पकडली गेली की हसू जागच्या जागी मरतं. फ्रेडरिक पोल यांची १९५४ सालची 'द मायडस प्लेग' याचा नमुना आहे. गृहीतक एवढंच की यंत्रमानवांनी उत्पादन अमाप वाढवलं. मग हे सगळं वापरायचं कुणी? गरिबांनी. त्यांच्यावर सक्तीचा कोटा आहे: इतकं खा, इतके कपडे झिजवा, एवढ्या मोठ्या घरात राहा. श्रीमंताला मात्र छोट्या घरात साधेपणाने राहण्याची आणि काम करण्याची मुभा. कथेतला नवरा ताटावर बसून थकतो आणि आपल्या गरिबीची त्याला लाज वाटते. सणासुदीला अर्ध्या रात्री सुरू होणारे सेल आणि तीन कपड्यांवर दोन फुकट कपडे पाहिले की मला तो आठवतो.

ॲडम्सच्या यानातली दारंही अशीच. उघडताना आणि बंद होताना ती समाधानाचा सुस्कारा सोडतात, कारण ती बनवणाऱ्या कंपनीने त्यांना आनंदी स्वभाव बसवून दिलेला आहे. आज फोनवर तासभर ताटकळताना 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको.

सगळ्याच विनोदी विज्ञानकथा मला आवडतात असं मात्र नाही. सी. एम. कॉर्नब्लथ यांची १९५१ची 'द मार्चिंग मोरॉन्स' ही कथा अनेक याद्यांमध्ये मानाने असते. मूर्खांना मुलं जास्त झाली, शहाण्यांना कमी, म्हणून भविष्यात मूठभर बुद्धिमान लोक कोट्यवधी अडाण्यांची उस्तवार करतात, आणि शेवटी त्या कोट्यवधींना शुक्रावर पाठवण्याच्या मिषाने मारून टाकतात. ती युक्ती सुचवणाऱ्यालाही तसंच पाठवलं जातं, हे खरं. तरी कथा वाचकाला पहिल्या पानापासून शहाण्यांच्या बाकावर बसवते. गरीब, कमी शिकलेले लोक म्हणजे मूर्खांची पैदास, हे गृहीतक ती तपासत नाही आणि वाचकालाही तपासू देत नाही. ज्या नियमाने आपण जगतो त्याची चेष्टा करणं वेगळं आणि त्या नियमाखाली जे आधीच दबलेत त्यांची चेष्टा करणं वेगळं. लेमच्या पिंतावर वाचक स्वतः पाण्यात उभा असतो.

मराठीत हे कमी का, असाही उपप्रश्न येतो. पद्धत आपल्याला परकी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' मध्ये रूढींच्या बाबतीत हेच केलं. रूढीला तिच्याच तर्काने पुढे चालवत न्यायचं आणि ती कुठे जाऊन पडते ते दाखवायचं. यंत्रं नव्हती, पण शिस्त तीच होती. पुढे मराठी विनोद व्यक्तीकडे वळला आणि फार उंचीवर गेला. यंत्रणेकडे मात्र कमी वळला. विज्ञानकथा दुसऱ्या वाटेने आली. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांनी तिला बळ दिलं. १९७४ च्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली, हे अनेकांना ठाऊक असेल. त्या पिढीपुढचं काम होतं वाचकाला विज्ञानाची गोडी लावण्याचं, वैज्ञानिक दृष्टी देण्याचं. ते त्यांनी केलं आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण समजावून सांगण्याच्या त्या जबाबदारीत उपरोधाला जागा थोडी उरली. आता ती करून घेता येईल. वाचक तयार आहे, आणि विषय तर दारात उभे आहेत.

म्हणून लिहू पाहणाऱ्या तरुणांना मी एक विषय देत असतो. मंगळावर वस्ती झाली आहे. गावठाण आहे, सातबारा आहे, वारस नोंद आहे. कोण्या शेतकऱ्याच्या काचेच्या शेतावरून रस्ता आखला आणि हरकतीला तीस दिवसांची मुदत दिली. मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा. तीस दिवसांत हा फरक जवळजवळ २० तासांचा होतो. शेतकरी तिसाव्या दिवशी संध्याकाळी अर्ज घेऊन पोचतो, त्याच्या हिशेबाने मुदतीत. कार्यालय दिवस पृथ्वीचे मोजतं, कारण अधिनियम पृथ्वीवर झाला, आणि तिथे एकतिसावा दिवस लागलेला आहे. अपील करायचं तर अभिलेख कक्ष फोबॉसवर. तो उपग्रह साडेसात तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात मंगळाला फेरी घालतो, पश्चिमेला उगवतो, पूर्वेला मावळतो, आणि कार्यालयीन वेळ मात्र तो डोक्यावर असेपर्यंतच. यातला प्रत्येक आकडा खरा आहे, प्रत्येक नियम आपल्या ओळखीचा आहे. पुढे त्या शेतकऱ्याने काय केलं, ते मला कुणीतरी लिहून दाखवायला हवंय. दिवाळी अंकांना अजून वेळ आहे.