फोनच्या लेखी सा म्हणजे पंखा

एका गायनाच्या क्लासच्या ताईंनी रियाजाचं ॲप करून देशील का असं विचारलं, तेव्हा काम फार मोठं वाटलं नव्हतं. तानपुरा वाजत राहील, हवा असेल तर तबला, विद्यार्थी गाईल, ते रेकॉर्ड होईल आणि ताई सवडीने ऐकतील. अँड्रॉइडवर आवाज वाजवायचा आणि टिपायचा कसा याची उदाहरणं ढिगाने मिळतात. फक्त ती जवळजवळ सगळी बोलण्याची असतात: व्हॉइस नोट, कॉल, मुलाखत. गाणं आलं की तोच कोड निराळा वागायला लागतो.

पहिला इंगा दाखवला तानपुऱ्यानेच. ताईंनी आपल्या मिरजेच्या तानपुऱ्याचं सुरेख रेकॉर्डिंग दिलं होतं. त्यातला तुकडा कापून एमपीथ्री केला आणि मीडियाप्लेअरला लूपवर लावला. प-सा-सा-सा चारदोनदा झालं की मध्येच एक उचकी. एमपीथ्रीचं काम ११५२ सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक बारीक मोजमाप) फ्रेममध्ये, म्हणजे ठरावीक गठ्ठ्यांत चालतं आणि एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरतो. नेहमीचं गाणं ऐकताना ती कळत नाही, पण लूपमध्ये तुकडा संपला की दर वेळी टोचते. शेवटी डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या आवाजाचा तुकडा थेट मेमरीत घेतला, ऑडिओट्रॅक या अँड्रॉइडच्या वाजवणाऱ्या भागाला लूपची दोन टोकं दिली आणि जोडावर शेपूट आणि सुरुवात एकमेकांत मिसळली. ॲप काही एमबींनी जाड झालं, पण तानपुरा सलग वाजू लागला.

मग रेकॉर्डिंग. परवानगीचा भाग सरळ आहे. अँड्रॉइड ६ पासून माइकची परवानगी ॲप चालू असताना मागावी लागते, ती मागितली. खरा प्रश्न माइकचा सोर्स कोणता घ्यायचा हा, म्हणजे फोनने माइकचा आवाज कुठल्या कामासाठी तयार करून द्यायचा. स्पीकरवर वाजणारा तानपुरा माइकमधून परत आत येत होता, म्हणून व्हॉइस कम्युनिकेशन हा सोर्स घेतला. स्पीकरचा आवाज माइकमधून वजा करणारं फोनचं एको कॅन्सलेशन त्यात आपसूक मिळतं. तानपुरा खरंच पुसट झाला. फाइल ताईंना पाठवली आणि लगेच फोन आला.

"अरे, माझा सा कुठे गेला?"

ऐकून बघितलं. ताईंनी आकारात सा लावलाय. सुरुवातीचे दोनेक सेकंद स्वच्छ, भरदार. मग तो हळूहळू विरत जातो, जणू त्या गाता गाता उठून आतल्या खोलीत गेल्या. पुढे तान घेतल्याबरोबर आवाज पुन्हा जागेवर. मी आधी केबल, माइक, फोनचं कव्हर असल्या गोष्टी तपासत बसलो, पण दुसऱ्या फोनवरही तेच. या सोर्सबरोबर गोंगाट कमी करणारी यंत्रणाही जोडीने येते. तिचा हिशेब असा की बोलणं सतत बदलतं, तेव्हा जे बराच वेळ एकसारखं चालू आहे ते पंखा नाहीतर एसी. तिने ते दाबलं. सा न हलता लावता यावा म्हणून माणूस वर्षानुवर्षं घासतो, आणि फोनच्या लेखी तो पंखा! उलट कच्च्या विद्यार्थ्याचा हलता सा तिने बऱ्यापैकी शाबूत ठेवला होता.

उपाय म्हणजे फोनची मदत नाकारणं. अँड्रॉइड ७ पासून अनप्रोसेस्ड नावाचा सोर्स आहे, त्यात माइकचा आवाज जसाच्या तसा मिळतो. पण तो सगळ्या फोनवर नसतो, अँड्रॉइडच्या ऑडिओमॅनेजरला ॲपने आधी विचारावं लागतं. नसेल तिथे व्हॉइस रेकग्निशन. नावावरून कुणी गाण्यासाठी तो निवडणार नाही, पण अँड्रॉइडच्या सुसंगततेच्या नियमांत या सोर्सला गोंगाट-नियंत्रण आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणं दोन्ही बंद ठेवायला सांगितलंय. ख्यालात मुद्दाम हळू घेतलेली जागा त्यामुळे हळूच राहते. एको कॅन्सलेशन गेलं म्हणून तानपुरा पुन्हा फाइलमध्ये आला, तर ताई म्हणाल्या, "मग बिघडलं कुठे? मैफलीतही ऐकू येतोच की." एवढा भाग कोडमधून काढूनच टाकला.

सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल घ्यायचे याचं प्रकरण त्याहून गमतीचं. पहिल्या आवृत्तीत कच्चा पीसीएम डेटा, म्हणजे नुसते सॅम्पल, डब्ल्यूएव्हीमध्ये लिहीत होतो आणि त्यासाठी घेतलेल्या तयार कोडात हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत ४४१०० ठोकून बसवलेलं होतं. हा आकडा सगळ्या फोनवर चालण्याची हमी आहे, म्हणून उदाहरणांत तोच दिसतो. आम्ही तानपुऱ्याशी जुळावं म्हणून ४८००० वर टिपत होतो. प्लेअर बिचारा हेडरवर विश्वास ठेवतो, त्यामुळे फाइल किंचित सावकाश आणि खालच्या सुरात वाजायची. बोलणं असतं तर आवाज जरा जड झालाय म्हणून सोडून दिलं असतं. ताईंनी पेटी ओढली. गाताना त्यांची पट्टी काळी पाच होती, आणि फाइलमधला सा पांढरी सहा आणि काळी चार यांच्या मध्येच कुठेतरी होता. पेटीवर ती पट्टीच नाही! हेडरमध्ये आता ऑडिओरेकॉर्ड हा अँड्रॉइडचा टिपणारा भाग जो रेट सांगेल तोच जातो.

पण ४८००० वर १६ बिट मोनो म्हणजे मिनिटाला पावणेसहा एमबी. अर्ध्या तासाच्या रियाजाची फाइल १७० एमबीच्या वर जाते, ती कोण पाठवणार? म्हणून आवाज दाबून लहान करणारं एएसी. इथे तो आवाज ठेवायला एमपीफोर हा डबा टाळा असं मी आग्रहाने सांगेन. कुठला तुकडा कुठे आहे याची यादी त्यात साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच ॲप मेलं तर यादी नाही, आणि पंचवीस मिनिटांचा आवाज फाइलमध्ये असूनही एकही प्लेअर ती उघडत नाही. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे गेलेलं ॲप बिनदिक्कत मारतात, तेव्हा हे घडतंच. एडीटीएस या एएसीच्या दुसऱ्या मांडणीत प्रत्येक फ्रेम आपलं हेडर घेऊन चालते, त्यामुळे जिथे तुटेल तिथपर्यंतचं गाणं वाचतं. बदल्यात फाइलमध्ये एकूण लांबी लिहिलेली नसते, ती आम्ही वेगळी जपून ठेवतो. शिवाय ॲप मागे गेलं तरी काम चालू ठेवणारी फोरग्राउंड सर्व्हिस लागतेच. अँड्रॉइड ११ पासून तिचा प्रकार मायक्रोफोन असा मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये जाहीर करावा लागतो आणि अँड्रॉइड १४ पासून त्याची परवानगीही वेगळी.

रियाज चालू असताना कॉल आला आणि घेतला, तर अँड्रॉइड १० पासून एरर येत नाही. रेकॉर्डिंग चालू, घड्याळ पळतंय, फाइल वाढतेय, आणि आत नुसती शून्यं. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये काही बदललं की ॲपला कळवणारा कॉलबॅक लावून आपला माइक सिस्टिमने गप्प केलाय का ते पाहत राहतो. केला असेल तर तुकडा तिथेच बंद, आणि ऑडिओ फोकस, म्हणजे आवाज वाजवायची पाळी, गेला म्हणून तानपुराही थांबतो.

आयफोनवर निम्मी दुखणी नव्हती, एक नवीन होतं. वाजवणं आणि टिपणं एकत्र चालणारी प्लेअँडरेकॉर्ड कॅटेगरी घेतली की आवाज खालच्या स्पीकरऐवजी कॉलच्या वेळी कानाशी धरतो त्या बारक्या स्पीकरमधून येतो. डिफॉल्टटूस्पीकर हा पर्याय दिला की झालं.

ब्लूटूथपुढे मात्र हात टेकले. हेडसेटचा माइक वापरायला गेलं की जोडणी कॉलच्या प्रकारावर उतरते आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झमधला तानपुरा डास गुणगुणल्यासारखा येतो. फोनचाच माइक ठेवला तर तानपुरा ठीक, पण तबला कानात पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. मुलगी कानातल्या समेवर बरोबर येते आणि फाइलमध्ये जवळजवळ मात्राभर मागे पडलेली दिसते. उशीर मोजून फाइल मागे सरकवता येते, पण हेडसेट बदलला की आकडा बदलतो, आणि ताईंसमोर मुलीची लय चुकीची दाखवणं मला मान्य नव्हतं. त्यामुळे ब्लूटूथ जोडलेलं असताना तबला लावला की रेकॉर्डिंगचं बटण बंद होतं आणि वायरवाला हेडफोन लावा असा निरोप येतो. "आमच्या फोनला जॅकच नाही" अशा तक्रारी येतात. त्यांना यूएसबी-सीवाला घ्या असं उत्तर ठरलेलं आहे.