सिरपूर तलावावर मुलांची पक्षीगणना: जानेवारीतली एक सकाळ

धार रोडवरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला. २०२२ साली त्याला रामसर पाणथळ जागेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. इंदूरच्या इतक्या जवळ हिवाळी बदके उतरत असताना मुलांना नुसते ‘तो बघ पक्षी’ करत फिरवून आणू नका, मोजायला लावा. मोजणी एकट्याने जमत नाही, त्यामुळे मुले आपसूक एकमेकांवर विसंबायला शिकतात.

या वेळी १० ते १३ वर्षांची १६ मुले होती, चौघांचा एक गट. एक जण दुर्बिणीतून पाहून आकडा बोलतो, दुसरा लिहितो, तिसरा हद्द सांभाळतो (‘त्या बाभळीपासून या खांबापर्यंत’), चौथ्याकडे घड्याळ. दर १० मिनिटांनी कामे बदलायची. पहिल्याच फेरीत दोन गटांत पाहणाऱ्यानेच लिहायला मान खाली घातली. पुन्हा वर बघेपर्यंत थवा सरकलेला, मोजणी पहिल्यापासून! म्हणून नियम एकच ठेवा: मोजणी संपेपर्यंत डोळा दुर्बिणीवरून हलवायचा नाही.

दुर्बीण ८×३२ ची (८ पट मोठे दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची) पुरे. १० पटीची लहान हातांत फार हलते. मुलांच्या दोन डोळ्यांतले अंतर कमी असते. नळ्या पुरेशा जवळ येत नसतील तर एकाऐवजी दोन गोल दिसतात. हे घरीच तपासून घ्या.

सरावही घरीच. ताटात ४०-५० हरभरे पसरा, तीन सेकंद दाखवून झाका, अंदाज सांगायला लावा, मग मोजा. अंदाज बहुतेक वेळा कमीच येतो. तलावावर आधी १० पक्षी नेमके मोजायचे, ते किती जागा व्यापतात हे ध्यानात ठेवायचे आणि तेवढे तुकडे थव्यावर मनातल्या मनात मांडत जायचे.

खरी परीक्षा टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याला मोजताना. तिचा आकडा लिहीपर्यंत ती पाण्याखाली गेलेली असते आणि भलतीकडेच वर येते. अशा बुड्या मारणाऱ्या पक्ष्यांसाठी एकाच पट्ट्यात एकेक मिनिटाच्या तीन मोजण्या घ्या आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरा. बेरीज मुळीच नको. वारकरी (कूट) हा पाणपक्षी सोपा: काळे अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. मुले त्याला बदक म्हणतात, पण त्याच्या बोटांना सलग पडदा नसतो, सुट्या झालरी असतात. तो काठावर चढला की जरूर दाखवा. थापट्या बदके घोळक्याने गोल फिरत चोचीने पाणी गाळताना दिसली, तर मोजणी पाच मिनिटे थांबवली तरी चालेल.

सातपर्यंत पोचा. पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी येते. समोरून ऊन आले तर सगळी बदके काळीच दिसतात. पोहे-जिलेबी परतल्यावर, तलावावर खाऊ काढायचा नाही.

तक्त्यात ‘बदक, ओळख नक्की नाही’ असा रकाना आधीच आखून न्या. तो नसला की मुले शेजारच्या गटाने लिहिलेले पक्ष्याचे नाव उतरवून घेतात.