पीएफमधली पेन्शन: महिन्याचे साडेबाराशे जातात कुठे आणि परत किती येतात

पगाराच्या स्लिपवर पीएफचे १२ टक्के कापलेले दिसतात. ते सगळे आपल्या पीएफ खात्यात जमा होतात. पेन्शनसाठी वळतो तो कंपनीचा वाटा. कंपनी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत जातात, उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. केंद्र सरकार स्वतःकडून १.१६ टक्के घालतं. पण हा हिशेब पूर्ण पगारावर होत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० रुपये झाली, म्हणून बेसिक २०,००० असो की ८०,०००, पेन्शन फंडात महिन्याला साधारण १,२५० रुपयेच पडतात. वाढीव पेन्शनचा, म्हणजे पूर्ण पगारावर वर्गणीचा, पर्याय मंजूर झालेले सभासद याला अपवाद. आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० च्या वरच्या पगारावर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेले तर या पेन्शन योजनेत नसतातच.

हे १,२५० रुपये तुमच्या नावावर वाढत नाहीत, त्यांवर व्याजही लागत नाही. सगळ्यांचा पैसा एका फंडात जातो आणि पेन्शन सूत्राने ठरते: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. २०१४ च्या आधी ती १२ महिन्यांची होती. सेवा मोजताना वरचे सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात, कमी असतील तर सोडून देतात. म्हणून साडेनऊ वर्षं भरली की पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची अट पूर्ण होते.

घरी आकडेमोड करताना बहुतेकांची चूक होते ती पुढच्या मुद्द्यावर. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला १५,००० लागत नाहीत, जुनी ६,५०० ची मर्यादा लागते. सप्टेंबर २००६ मध्ये नोकरीला लागून ऑगस्ट २०२५ अखेर ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस घ्या. सेवा १९ वर्षं, पगार मर्यादेच्या वर. सरसकट १५,००० धरले तर पेन्शन ४,०७१ येते. प्रत्यक्षात पहिल्या ८ वर्षांचे ७४३ आणि पुढच्या ११ वर्षांचे २,३५७, मिळून ३,१०० रुपये बसतात. पेन्शन मंजुरीचा कागद हातात आल्यावर "आमचे हजार रुपये कुठे गेले" असं लोक विचारतात, ते इथे गेलेले असतात. याच माणसाची सेवा २० वर्षांची झाली असती तर २ वर्षं बोनस मिळाली असती. त्यामुळे १९ वर आलेल्याने मधल्या काळात राजीनामा देण्याआधी हा हिशेब जरूर मांडावा.

५० वर्षं पूर्ण झाली की लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. ५८ झाल्यावर रक्कम पुन्हा पूर्ववत होत नाही. उलट ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते.

खरं नुकसान होतं ते सेवेच्या नोंदीत. नोकरी बदलल्यावर नव्या खात्याच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि लोक घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हस्तांतरात पीएफचा पैसा सरकतो, पेन्शनची फक्त सेवा सरकते. ती सरकली का, हे ‘अनेक्श्चर के’ या कागदावर दिसतं, तो मागून घ्या. त्यावर बिनपगारी दिवसही असतात आणि ते सेवेतून वजा होतात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नसेल, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील किंवा आधारवरची जन्मतारीख वेगळी असेल, तर पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १० डी, तिथेच अडतो. आणि दहा वर्षं भरण्याआधी फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पैसे काढले, तर ती सेवा कायमची पुसली जाते. हातात येते रक्कम थोडी, जातात मात्र वर्षं. पुन्हा नोकरी करायची असेल तर त्याच फॉर्मवर झालेली सेवा जपून ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, तेच मागावं.

मग हे न्याय्य आहे का? एका बाबतीत योजना खरोखर उदार आहे. नोकरीत असताना सभासद गेला तर एका महिन्याची वर्गणीसुद्धा पुरते. विधवेला पेन्शन सुरू होते आणि एका वेळी दोन मुलांना, २५ वर्षांची होईपर्यंत, विधवा पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी मिळतात. वैयक्तिक बचतीतून हे कधीच साधलं नसतं. एकत्रित फंडाचा अर्थ इथे कळतो.

निवृत्तांच्या बाबतीत मात्र मला हा अन्यायच वाटतो, आणि त्याचं मूळ गोठवलेल्या आकड्यांत आहे. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. ३,१०० बसले की ३,१००च. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत त्यांची किंमत निम्मी होते, आणि पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याचेही निम्मे. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली २०१४ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने, खासदार भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, किमान ३,००० ची शिफारस केली होती. पेन्शनरांची मागणी आता ७,५०० आणि महागाई भत्त्याची आहे. आणि सूत्र पाहा: १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे बरोबर ७,५००. पूर्ण आयुष्य नोकरीत घालवलेल्याला मिळणारी रक्कम तीच, आणि तीही सप्टेंबर २०१४ ला लागलेल्याला बोनस धरून २०४७ च्या सुमारास. दुसरीकडे केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एप्रिल २०२५ पासून आणलेल्या यूपीएस या एकीकृत पेन्शन योजनेत दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० आहेत, वर महागाई सवलत. सरकार तिथे १८.५ टक्के घालतं, इथे १.१६. कारखान्यातल्या माणसाची दहा वर्षं इतकी स्वस्त का, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.

पेन्शन चालू असलेल्यांसाठी एवढंच: हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायला हवा असं नाही. ज्या दिवशी द्याल तिथून १२ महिने तो चालतो. मोबाईलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेसआरडी’ ही दोन ॲप्स घेतली की चेहरा दाखवून घरबसल्या होतो. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि आधार जवळ ठेवा. मुदत चुकून पेन्शन थांबलीच तर दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होते. जानेवारी २०२५ पासून देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत पेन्शन घेता येते, त्यामुळे मुलांकडे राहायला गेलात तरी पीपीओ एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवत बसावं लागत नाही.