बारा नाणी, तीनदा तराजू

काल रात्री भाचीला ते बारा नाण्यांचं कोडं घातलं, एक खोटं आहे पण हलकं की जड ते माहीत नाही, तराजू फक्त तीनदा वापरून ते शोधायचं आणि हलकं की जड तेही सांगायचं. ती रुपयाची नाणी जमिनीवर मांडून बसली आणि लगेच सहा-सहा करून पारड्यात टाकायला निघाली, सगळे इथेच अडकतात! सहा-सहात एक पारडं खाली जाणारच, पण खोटं कुठल्या बाजूला ते कळतच नाही.

खरी गंमत मोजण्यात आहे. बारांपैकी कुठलंही, हलकं किंवा जड, म्हणजे २४ शक्यता. तराजू तीन उत्तरं देतो, डावं खाली, उजवं खाली, नाहीतर समान, म्हणजे तीन वेळात २७. पहिल्या वजनानंतर दोनच वेळा उरतात, त्यात ९ शक्यताच सुटतात, म्हणून पहिल्यांदा चार-चारच ठेवायची, म्हणजे काहीही आलं तरी ८ उरतात. समान आलं तर उरलेल्या चारांतली तीन घेऊन खात्रीच्या तिनांशी तोलायची, पुढचं सोपं.

पण नाही आलं तर? समजा १ ते ४ जड भरली, ५ ते ८ हलकी. आता १, २, ५ डावीकडे आणि ३, ६ आणि एक चांगलं नाणं उजवीकडे. ५ नंबरची बाजू बदलली ना, तीच खरी युक्ती, मला अजूनही ती फार सुंदर वाटते. डावं खाली गेलं तर १ किंवा २ जड नाहीतर ६ हलकं, मग १ आणि २ समोरासमोर.

भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनने १९४६ मध्ये यावर लेख लिहिलेला, चार वेळात ३९ नाणी होतात. भाची आता तेरा नाणी मांडून बसलीय.