चूक माझी होती

आज सकाळी सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेल्याचा मेसेज मी खात्री न करता गावभागातल्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी स्वतःच्या घरात पाहिला आहे, त्यांच्यासाठी हा आकडा म्हणजे सामान माळ्यावर चढवण्याची वेळ असते. शेजारच्या काकांनी पुलावर जाऊन पाहिले आणि पाणी ३१ फुटांवर असल्याचे शांतपणे लिहिले, तर मी त्यांनाच तोडून बोललो. तोवर एका आजींनी धान्याची पोती हलवायला घेतली होती, हे कळल्यावर फार लाज वाटली. संध्याकाळी काकांची घरी जाऊन क्षमा मागितली आणि ग्रुपवरही चूक कबूल केली. काका एवढेच म्हणाले, “उद्या सकाळी पातळी बघायला माझ्याबरोबर ये.”