आवाजापाशीच अडलेले समीक्षक

मंगळवार, रात्री उशिरा

आज जुनी परीक्षणं सलग वाचत बसले. हार्प हे उभं तंतुवाद्य वाजवत गाणारी अमेरिकन गायिका जोआना न्यूसम हिचा 'ईस' हा अल्बम नोव्हेंबर २००६ मध्ये आला, तेव्हा त्याच्याबद्दल काय काय छापून आलं ते. तसा तो लोकांनी डोक्यावरच घेतला होता. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने १० पैकी ९.४ दिले आणि वर्षअखेरीच्या कितीतरी याद्यांमध्ये तो वरच्या ओळीत होता. तरी वाचता वाचता माझी चिडचिड वाढत गेली आणि शिव्या घालणाऱ्यांपेक्षा कौतुक करणाऱ्यांनीच जास्त वैताग आणला.

सुरुवात सगळ्यांची एकच: आवाज. लहान मुलीसारखा, चिरका, परीकथेतला वगैरे. मग केट बुश आणि ब्यॉर्क या गायिकांची नावं येणार. मग हार्प, मग कपडे, मग 'फ्रीक फोक', म्हणजे विक्षिप्त लोकसंगीत, हा शिक्का. गायक देवेंद्र बॅनहार्ट आणि ही, दोघांनाही एकाच टोपलीत टाकून मोकळे. बाई कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटी नावाच्या छोट्या गावातली, म्हणजे जंगलातून उठून आलेली वनकन्याच, असा सूर. मिल्स कॉलेजात तिने संगीतरचना आणि लेखन यांचा अभ्यास केला होता. शाळकरी वयातच एका शिक्षिकेकडून पश्चिम आफ्रिकेतल्या कोरा वाद्याच्या लयीची पद्धत हार्पवर उचलली होती. एका हातात तीन मात्रा, दुसऱ्यात चार, आणि वर गळा तिसरंच काहीतरी म्हणतोय. असं वाजवायला किती वर्षं बोटं झिजवावी लागत असतील! पण हे खालच्या परिच्छेदात, जागा उरली तर.

आपल्याला 'बालिश', 'निरागस' म्हटलेलं तिला आवडत नसे आणि ती ते मुलाखतींत सांगतही असे. फारसं कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

दुसरी तक्रार लांबीची. पाच गाणी, पंचावन्न मिनिटं, आणि त्यातलं 'ओन्ली स्किन' जवळजवळ सतरा मिनिटांचं. यावर मात्र मला हसू आलं. सवाई गंधर्व महोत्सवाला थंडीत घोंगडी पांघरून बसणाऱ्या माणसाला सतरा मिनिटांची भीती कसली? तेवढ्यात आपल्याकडे विलंबित ख्याल जेमतेम रंगायला लागतं.

गुरुवार

आज अल्बमसोबतची, गाण्यांचे शब्द छापलेली पुस्तिका हातात धरून ऐकलं. पुस्तिकेशिवाय 'ईस' ऐकणं म्हणजे अर्धाच ऐकणं, असं माझं ठाम मत झालंय. आणि इथेच परीक्षणकर्त्यांशी माझं भांडण आहे.

मुखपृष्ठाचंच घ्या. बेंजामिन व्हीर्लिंग या चित्रकाराने युरोपातल्या जुन्या पद्धतीने, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि तैलरंग वापरून काढलेलं ते चित्र. मध्ययुगीन वेशातली न्यूसम खिडकीशी बसलीय. एका हातात छोटा विळा, दुसऱ्या हातात चौकटीत बसवलेला पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरणारा किडा. याला सरसकट नटवेपणा म्हटलं गेलं. पण 'कॉस्मिया' हे पतंगांच्या एका प्रजातीचं नाव आहे आणि अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचंही तेच नाव. ते गाणं तिच्या गेलेल्या जिवलग मैत्रिणीचं आहे. म्हणजे जो पतंग लोकांना फॅन्सी ड्रेसचा भाग वाटला, तो ती दुखवट्याची खूण म्हणून हातात धरून बसली आहे. विळा तर मरणाचीच खूण, त्याबद्दल वेगळं सांगायला नकोच.

'मंकी अँड बेअर' हे मुलांच्या गोष्टीसारखं सुरू होतं. माकड आणि अस्वल शेतावरून पळून जातात. मग पोटासाठी माकड अस्वलाला नाचवायला लागतं. प्रेमाने बोलत बोलत, तुझ्याच भल्यासाठी म्हणत. शेवटी अस्वल समुद्रात शिरतं आणि अंगावरचं कातडं सोडून देतं. दरवेशी आणि अस्वल आपण लहानपणी दारात पाहिलेलं, त्यामुळे मला तरी यात गोंडस काही सापडलं नाही. यात एका बाईला गोड बोलून राबवून घेतलं जातंय. 'परीकथा' म्हणून ते बाजूला सारणाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं का, अशी शंका येते.

'एमिली' हे बहिणीवरचं गाणं, आणि ती बहीण स्वतः त्यात मागे गायलीही आहे. तिने शिकवलेलं खगोलशास्त्र न्यूसम त्यात घोकून दाखवते: अवकाशातला दगड, जळताना दिसणारी रेघ, जमिनीवर पडलेला दगड. आणि पहिल्याची आणि तिसऱ्याची नावं उलटसुलट करते! धांदरटपणा असेलही. पण बहिणीने सांगितलेलं विसरू नये म्हणून पाठ करायचं आणि नेमकं तेच चुकायचं, हे इतकं बहिणीबहिणींतलं आहे की मला ते दुरुस्त झालेलं आवडणार नाही.

एका तक्रारीत मात्र तथ्य आहे. वाद्यवृंद. तिचा गळा आणि हार्प ध्वनिमुद्रित केले स्टीव्ह अल्बिनीने, म्हणजे निर्वाणा या रॉक बँडचा 'इन युटेरो' हा अल्बम करणारा, कसलीही लाली-पावडर न लावणारा माणूस. त्यावर व्हॅन डाइक पार्क्स यांनी व्हायोलिनं, बासऱ्या, शिंगं चढवली. बीच बॉइज या बँडच्या ब्रायन विल्सनबरोबर 'स्माइल' या अल्बमवर काम केलेले हेच ते पार्क्स. शेवटी जिम ओ'रूर्कने सगळं मिसळलं. पार्क्स यांचं काम अफाट आहे, पण ते गप्प बसत नाहीत. तिने पक्षी म्हटलं की बासरी फडफडलीच पाहिजे. म्हणून तर फक्त हार्प आणि गळा असलेलं 'सॉडस्ट अँड डायमंड्स' मला सगळ्यात वर वाटतं. दहा मिनिटं मध्ये कोणी येत नाही.

रविवार

पुढचा अल्बम २०१० चा, 'हॅव वन ऑन मी'. तीन तबकड्या, दोन तास. त्यावरची परीक्षणंही काढली. आता सूर असा की आवाज मऊ झाला, बाई परिपक्व झाली. मधल्या काळात, २००९ मध्ये, तिच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या आणि दोन महिने तिला गाणं सोडा, बोलताही येत नव्हतं. त्यानंतर आवाज बदलला. आजारातून उठलेल्या गळ्याला लोक परिपक्वता म्हणत होते. कुमार गंधर्वांच्या वाट्यालाही असलंच काही आलं होतं. क्षयातून उठल्यावरची ती छोट्या दमाची, तुटक फेक काहींना क्रांती वाटली, तर काहींना मोडतोड. पण निदान कुमारांबद्दल वाद घालणारे बंदिशीपर्यंत तरी पोचत होते.

न्यूसमच्या बाबतीत लोक शब्दांपर्यंत पोचले ते २०१५ च्या 'डायव्हर्स'च्या वेळी. त्यातलं शेवटचं गाणं एका शब्दाच्या मध्येच तुटतं आणि तुटलेला तुकडा पहिल्या गाण्याच्या पहिल्या शब्दाला जाऊन जुळतो. अल्बमचं वर्तुळ पुरं होतं. ही गंमत बऱ्याच जणांनी हेरली आणि मग उत्साहाने बाकीच्या ओळीही उकरल्या. म्हणजे कोडं आहे असं दिसलं, तेव्हा लोक वाचायला बसले. 'ईस'मध्ये कोडं नव्हतं, शोक होता. तो तिने यमकांत आणि मात्रांत इतका चोख बांधला होता की लोकांना ती तऱ्हेवाईक वाटली.

उद्या लवकर उठायचंय आणि ही परीक्षणं अजून टेबलावर पसरलेलीच आहेत. ती आवरून ठेवते. 'डायव्हर्स'वरची सोडून बाकीची परत काढायची नाहीत.